'द व्हेंचर ब्रदर्स' : साहसकथांचं विडंबन, की साहसवीराचं पुढचं आयुष्य?

संगमपूल

फास्टर फेणे पन्नाशीला आला असता, तर आज काय करत असता? फुरसुंगीचा बनेश, विद्याभवनात शिकणारा, सायकलवर टांग मारली की सुसाट सुटणारा. भा. रा. भागवतांनी त्याला शाळकरीच ठेवलं आणि ते योग्यच केलं. पण इतके चोर-दरोडेखोर पकडून झाल्यावर त्या मुलाला चारचौघांसारखी नोकरी जमली असती का? रात्री झोप लागली असती का? त्याची स्वतःची मुलं त्याच्याकडे कोणत्या नजरेनं बघत असती?

भागवतांच्या कथांना हा प्रश्न विचारायचं कारण नाही, त्या मुलांसाठी लिहिलेल्या आहेत. पण एका अमेरिकन ॲनिमेशन मालिकेनं नेमका हाच प्रश्न घेतला आणि तो सात सीझन सोडला नाही. 'द व्हेंचर ब्रदर्स'. कार्टून नेटवर्कच्या रात्रीच्या, मोठ्यांसाठीच्या 'ॲडल्ट स्विम' या विभागात २००३च्या फेब्रुवारीत तिचा पहिला नमुना भाग दाखवला गेला, २००४च्या ऑगस्टमध्ये मालिका रीतसर सुरू झाली आणि २०१८पर्यंत चालली. मराठीत तिच्याबद्दल कुणी सविस्तर लिहिलेलं माझ्या वाचनात नाही, म्हणून हा धागा.

आधी मूळ साचा सांगतो. हॅना-बार्बेरा कंपनीची 'जॉनी क्वेस्ट' ही मालिका १९६४ साली अमेरिकेत आली. सव्वीसच भाग. शास्त्रज्ञ डॉ. बेंटन क्वेस्ट, त्यांचा मुलगा जॉनी, अंगरक्षक रेस बॅनन, कोलकात्याहून आणलेला मुलगा हादजी आणि बँडिट नावाचा कुत्रा. विमानं, पाणबुड्या, लेझर, ममी, बेटावरचे खलनायक. नव्वदच्या दशकात केबलवर कार्टून नेटवर्क बघत वाढलेल्या इथल्या बऱ्याच जणांना ती आठवत असेल.

आता व्हेंचर कुटुंब. डॉ. थॅडियस व्हेंचर, टोपणनाव रस्टी. टक्कल पडलेला, चिडका, पैशांची कायम चणचण. लहानपणी हा बालसाहसवीर म्हणून जगप्रसिद्ध होता, त्याच्यावर कार्टूनसुद्धा निघालं होतं. त्याचे वडील जोनास व्हेंचर म्हणजे विज्ञानाचे महामेरू. आता वडील नाहीत, त्यांचं भलंमोठं आवार आहे, आणि रस्टी त्यांचीच जुनी यंत्रं झाडूनपुसून विकायला काढतो. त्याची जुळी मुलं हँक आणि डीन अजूनही जुन्या साहसकथांतल्या मुलांसारखी बोलतात, कारण त्यांनी बाहेरचं जग पाहिलेलंच नाही. सोबतीला ब्रॉक सॅमसन हा सरकारी अंगरक्षक. वैरी म्हणून मोनार्क, फुलपाखराचा वेष घेतलेला खलनायक. रस्टीचा द्वेष करणं हेच त्याच्या आयुष्याचं प्रयोजन.

पहिल्या सीझनमधला एक भाग बघा. रस्टी घराबाहेर वडिलांच्या जुन्या यंत्रांची विक्री मांडतो आणि गिऱ्हाईक म्हणून शहरातले सगळे खलनायक येतात. बंदुका, किरणयंत्रं, यंत्रमानव यांच्यावर किमतीच्या चिठ्ठ्या. खलनायक भाव पाडून मागतात. हसून पुरेवाट होते. पण त्या टेबलांवर मांडलंय काय, याकडे लक्ष गेलं की बघणं बदलतं. साठच्या दशकात माणसाला जे भविष्य देऊ केलं होतं, ते तिथे धूळ खात पडलंय आणि त्या भविष्याचा वारस सुट्टे मोजतोय.

माझं म्हणणं एवढंच: ही मालिका विडंबन म्हणून सुरू होते, पण ती टिकते ते तिला आपल्या पात्रांची मनापासून काळजी आहे म्हणून. निर्मात्यांनी स्वतः अनेकदा सांगितलंय की ही मालिका अपयशाविषयी आहे. ज्यांनी पाहिली असेल त्यांनी लिहा, ज्यांनी नसेल त्यांनी विचारा. पुढे कथेतले धक्के उघड होतील, तेव्हा जपून वाचा.

तिसरी_घंटा

वाचनखूण साठवली! 'रिक अँड मॉर्टी' सगळी पाहिली आहे, हिचं नुसतं नाव ऐकून होते. दोन्ही एकाच जातीच्या का? आणि घरात नऊ वर्षांचा मुलगा आहे, त्याच्यासोबत बघता येईल का?

संगमपूल

मुलासोबत अजिबात नको. रक्तपात भरपूर आहे, ब्रॉक माणसं अक्षरशः फाडतो, आणि शिव्या व लैंगिक विनोद पहिल्या भागापासून आहेत. चित्रं बघून फसायला होतं.

चॅनेल एकच, पण 'रिक अँड मॉर्टी' २०१३ची, म्हणजे ही तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. स्वभाव मात्र वेगळा. तिकडे रिक हा विश्वातला सर्वांत हुशार माणूस आहे, तो काहीही करू शकतो आणि म्हणून त्याला कशाचंच काही वाटत नाही. रस्टीला काहीच धड जमत नाही आणि त्याला प्रत्येक गोष्ट लागते. मला दुसऱ्या माणसाबरोबर जास्त वेळ काढावासा वाटतो.

रोखठोक_नारायणपेठ

लेख आवडला, पण मुद्दा पटला नाही. विडंबन हे बांडगूळच. झाड दुसऱ्याचं, रस दुसऱ्याचा. ज्याने 'जॉनी क्वेस्ट' पाहिली नाही त्याने काय करायचं? दर दोन मिनिटांनी कुठल्या तरी अमेरिकन कॉमिकचा संदर्भ, आणि तो कळला तरच हसू. तुमच्या वर्णनावरूनही तसंच वाटतंय. स्वतःचं काही सांगायचं असेल तर ते सरळ सांगावं.

अबचौक

रोखठोकराव, पुण्यात बसून विडंबनाला बांडगूळ म्हणता? अत्र्यांनी केशवकुमार या नावानं 'झेंडूची फुले' आणली ती १९२५ साली. रविकिरण मंडळ इथलंच, १९२३मध्ये सुरू झालेलं, आणि त्या कवींच्या लकबींवर अत्र्यांनी नेमकं बोट ठेवलं. आज किती जण त्या मूळ कविता शोधून वाचतात? विडंबनं मात्र लोकांना पाठ आहेत. म्हणजे झाड वठलं तरी ते 'बांडगूळ' शंभर वर्षं हिरवंगार आहे. ते स्वतःच्या मुळांवर उभं असल्याशिवाय हे होईल का?

दुसरं. अत्र्यांना वृत्त, यमक, प्रेमकवितेचा सूर हे सगळं हातचं होतं. त्यांच्या गंभीर कविता वाचा, कळेल. ज्याला मूळ प्रकार येतो तोच त्याचं विडंबन करू शकतो, बाकीच्यांची ती नुसती टवाळी होते. संगमपूल म्हणताहेत ती माया इथेच असते असं मला वाटतं. ज्याचा कंटाळा आलाय त्याचा अभ्यास कुणी इतका करत नाही.

संगमपूल

अबचौक, अगदी हेच. आणि हा अभ्यास या दोघांनी कसा केला तेही सांगतो. निर्माते दोन: क्रिस्टोफर मॅककलॉक, जो 'जॅक्सन पब्लिक' या नावानं लिहितो, आणि डॉक हॅमर, जो मुळात तैलचित्रकार. मॅककलॉकची उमेदवारी 'द टिक' या सुपरहिरोंच्या विडंबनावर झाली. बेन एडलंडनं विद्यार्थिदशेत उभा केलेला हा निळा, अगडबंब नायक १९९४ ते १९९६ अमेरिकन टीव्हीवर कार्टून म्हणून होता. २००१मध्ये त्याची माणसं घेऊन केलेली मालिका आली, तिच्यात टिक झाला होता पॅट्रिक वॉरबर्टन. तोच पुढे ब्रॉक सॅमसनचा आवाज. एडलंडनंही 'व्हेंचर ब्रदर्स'चा एक भाग लिहिलाय. म्हणजे ही घराण्याची तालीम आहे, उपटसुंभांचं काम नाही.

जवळजवळ सगळे भाग हे दोघेच लिहितात आणि निम्मी पात्रंही तेच बोलतात. मोनार्क आणि हँक हे मॅककलॉकचे आवाज, डीन मायकल सिंटर्निक्लासचा, रस्टी जेम्स अर्बॅनियाकचा. दोघांच्याच हातून सगळं जायचं म्हटल्यावर वेळ लागणारच: २००४, २००६, २००८, २००९, मग २०१३, २०१६, २०१८. प्रेक्षकांनी दोन-दोन, तीन-तीन वर्षं वाट पाहिली.

चौकटीमागे

ॲनिमेशन हा माझा पोटापाण्याचा धंदा (कर्वेनगरला लहानसा स्टुडिओ आहे), तेव्हा चित्रांबद्दल बोलतो.

हॅना आणि बार्बेरा यांनी एमजीएम या चित्रपट कंपनीत 'टॉम अँड जेरी' केलं तेव्हा हात सढळ होता. १९५७मध्ये एमजीएमने कार्टून विभाग बंद केला आणि दोघं टीव्हीकडे वळले. टीव्हीचं बजेट त्याच्या पासंगालाही पुरणारं नव्हतं. मग त्यांनी मर्यादित ॲनिमेशनचा मार्ग धरला: धड स्थिर, हलतात फक्त ओठ आणि हात, धावणाऱ्या माणसामागे तीच पार्श्वभूमी फिरून फिरून येते, आणि कथा पुढे न्यायची ती संवादांनी. 'जॉनी क्वेस्ट'साठी त्यांनी डग वाइल्डी या कॉमिक्सच्या चित्रकाराला आणलं. त्याने चेहरे खऱ्या माणसांसारखे काढले आणि दाट काळ्या सावल्या टाकल्या. सावलीत अर्धा चेहरा बुडाला की तेवढा भाग हलवावा लागत नाही, आणि दृश्यही गंभीर दिसतं. काटकसरीतून आलेली शैली आहे ती.

'व्हेंचर ब्रदर्स' ही शैली घेते आणि तिच्या तोंडी भलतंच बोलणं घालते. दणकट जबड्याची, वीरासारखी उभी राहिलेली माणसं, आणि चर्चा चाललीय पगाराची, घटस्फोटाची, पाठदुखीची. उभं राहणं आणि बोलणं यांची जी फारकत होते, तिथे हसू येतं. शिवाय जे. जी. थर्लवेलचं संगीत. मेलबर्नमध्ये जन्मलेला हा संगीतकार कुठेही 'हे विनोदी आहे' असं वाजवत नाही, जगबुडी आल्यासारखा पूर्ण ताकदीनं ब्रास वाजवतो. आमच्या धंद्यात विनोदी प्रसंगाखाली टुणटुण संगीत टाकायची सवय आहे, ती या माणसानं साफ नाकारली.

रोखठोक, संदर्भ न कळताही पोचतो असा एक भाग सांगतो, पहिल्याच सीझनमधला. त्यात 'फॅन्टास्टिक फोर'चं विडंबन आहे, पण तुम्ही ते कॉमिक पाहिलेलं नसलं तरी चालेल. अपघातातून शक्ती मिळालेलं एक कुटुंब आहे. मूळ कॉमिकमध्ये बाई अदृश्य होते. इथे फक्त तिची त्वचा अदृश्य होते, म्हणजे आतले स्नायू उघडे दिसतात. मूळ कथेत तरुण मुलगा पेटून उडतो, मजेत. इथे त्याला हवा लागली की तो पेट घेतो आणि वेदनेनं किंचाळत राहतो. तिसऱ्याचं सगळं अंग म्हणजे एक जाड घट्टा. आणि कुटुंबप्रमुख शास्त्रज्ञ, ज्याचा स्वतःचा फक्त ताणला जाण्यापुरता प्रश्न आहे, तो या सगळ्यांना दूर बर्फात लपवून ठेवतो. शरीराचे नियम प्रामाणिकपणे लावले तर 'महाशक्ती' म्हणजे काय होईल, एवढाच साधा विचार केलाय. मी तो भाग पाहिल्यावर मला मूळ कॉमिक पहिल्यासारखं वाचता आलेलं नाही.

पाषाणकर

मी सहसा वाचनमात्र असतो, पण रस्टीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझं बालपण पाषाण रस्त्यावरच्या एका प्रयोगशाळेच्या वसाहतीत गेलं. वडील तिथे शास्त्रज्ञ. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते ३ जानेवारी १९५० रोजी झालं, आणि पुण्यातल्या आमच्या वडिलांच्या पिढीचा विज्ञानावर जो विश्वास होता तो त्या काळातला. रविवारी घरी पाहुणे आले की बोलणं क्रिस्टलोग्राफीवर. आम्हा वसाहतीतल्या पोरांना सगळे हटकून एकच प्रश्न विचारायचे: "मग, तू कुठल्या विषयात संशोधन करणार?" कुणी वाईट हेतूनं विचारत नसे. पण दहाव्या वर्षी हा प्रश्न ऐकणाऱ्याच्या खांद्यावर काय बसतं ते मला माहीत आहे. माझ्या बरोबरीच्या दोघा-तिघांना ते आयुष्यभर उतरवता आलं नाही.

मुलानं सुचवलं म्हणून ही मालिका पाहिली. जोनास व्हेंचर सुरुवातीला पुतळ्यासारखा भव्य दिसतो. जसजसे जुने प्रसंग उलगडतात तसतसं कळतं की हा माणूस स्वतःच्या मुलाला जीवघेण्या मोहिमांवर घेऊन जायचा, कारण ते छायाचित्रात छान दिसायचं. मुलाला भीती वाटते का, हे त्याने कधी विचारलं नाही. पुढे एका भागात माजी बालसाहसवीरांचा उपचारगट दाखवलाय. सगळे गोल करून बसलेत, प्रत्येक जण मोडलेला, आणि आपापल्या लहानपणाबद्दल बोलताहेत. त्यातला एक तर साक्षात जॉनीच, नाव थोडं बदलून. तो भाग विनोदी म्हणून केलाय, आणि विनोदी आहेही. मला मात्र मध्येच थांबवून गॅलरीत जाऊन उभं राहावं लागलं.

माझे वडील जोनाससारखे नव्हते, हे इथे नोंदवलंच पाहिजे. ते प्रेमळ होते.

संगमपूल

पाषाणकर काका, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

केतकी_एरंडवणे

मी थोडी वेगळी बाजू मांडते. मूळ 'जॉनी क्वेस्ट'मधला हादजी. कोलकात्याचा अनाथ मुलगा, डोक्यावर फेटा, त्यावर लाल खडा, तोंडी 'सिम सिम सलाबिम' असला कुठल्याच भारतीय भाषेत न बसणारा मंत्र. लहानपणी आम्ही भावंडं टीव्हीवर आपल्याकडचा कुणीतरी दिसला म्हणून खूश व्हायचो. मोठं झाल्यावर तो खडा डोळ्यांत खुपायला लागला. डॉ. क्वेस्ट जगभर हिंडतात आणि जिथे जातील तिथले लोक एक तर चाकर, नाही तर भाला घेतलेले. ज्या साहसकथांच्या आठवणींनी आपण हळवे होतो, त्यांचा पायाच हा आहे. मग विडंबनात माया असावी, इथवर ठीक. पण किती?

संगमपूल

केतकी, हा प्रश्न धाग्याच्या गाभ्याचा आहे. या मालिकेची मायाही आंधळी नाही असं माझं वाचन आहे. जोनासची सगळी पिढीच ती उघडी पाडते: जगाला खेळाचं मैदान समजणारे, आत्मविश्वासानं फुगलेले पुरुष आणि त्यांच्या पायाखाली आलेली माणसं. पाषाणकर काकांनी म्हटलं तसं, पुतळा हळूहळू तडकत जातो. पण तो तडा बहुतेक वेळा घरच्यांच्या नजरेतून दिसतो, म्हणजे मुलगा, सहकारी, अंगरक्षक. ज्या देशांत जाऊन या मोहिमा केल्या तिथल्या माणसाच्या बाजूनं ही कथा सांगितलेली नाही. ते काम अजून कुणीतरी करायचं राहिलंय, आणि ते आपल्याकडच्या माणसानं केलं तर मला अतिशय आनंद होईल.

रोखठोक_नारायणपेठ

चौकटीमागे यांनी सांगितलेला बर्फातला भाग पाहिला, आणि पुढचेही काही. तो भाग जबरदस्त आहे, वादच नाही. पण तक्रार संपलेली नाही. डॉ. गर्लफ्रेंड या मोनार्कच्या जोडीदारणीला पुरुषाचा घोगरा आवाज देऊन (म्हणे डॉक हॅमरच बोलतो) सुरुवातीला त्यावर जे विनोद केलेत, ते स्वस्तातले आहेत. आणि मुलं मेली तरी बापावर परिणाम नाही, हे काय? पहिल्या सीझनच्या शेवटी दोघंही मरतात आणि रस्टी कपडे गोळा करायला सांगतो! यात काळजी कुठे दिसली तुम्हाला?

चौकटीमागे

आवाजावरच्या विनोदांबद्दल सहमत, सुरुवातीचे ते प्रसंग आज बघवत नाहीत. मात्र पात्र तिथे थांबत नाही. पुढे ती खलनायकांच्या संघटनेच्या सर्वोच्च मंडळावर जाते आणि अख्ख्या मालिकेत आपलं काम चोख करणारं माणूस कोण, तर तीच. आवाज तोच राहतो, पण त्यावर कुणी हसत नाही.

संगमपूल

मुलांच्या मरणाचं असं आहे. साहसकथेतला पोरगा कधी मरत नाही, दरीत पडला तरी पुढच्या आठवड्यात हजर. हा नियम कसा चालतो याचं उत्तर दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला मिळतं: रस्टीने मुलांच्या प्रतिकृती तयार ठेवल्यात. आधीही ती कितीदा तरी मेली आहेत आणि प्रत्येक वेळी नवी काढली आहेत. म्हणजे बापाचा निर्विकारपणा हाच विनोद आहे, आणि तोच आरोपही. मग तिसऱ्या सीझनच्या शेवटी त्या सगळ्या प्रतिकृती एका लढाईत खर्ची पडतात. इथून मालिकाच बदलते. आता हँक आणि डीन मेले तर मेले. त्यांना दाढीमिशा फुटतात, प्रेमात पडतात, बापाला उलट बोलतात. पुढे डीनला आपण प्रतिकृती असल्याचं कळतं आणि तो काळवंडून जातो. हँकला कळतं तेव्हा त्याला ते भारी वाटतं. दोन भावांचे स्वभाव सांगायला याहून चांगला प्रसंग मला सुचत नाही.

त्याच तिसऱ्या सीझनच्या शेवटी मोनार्कच्या दोन चाकरांपैकी एक जातो. क्रमांक एकवीस आणि चोवीस. तोवर हे दोघं कॉमिक्सवरून वाद घालत हसवत असतात, आपण इथे करतो तसेच. चोवीस स्फोटात मरतो आणि त्याची प्रतिकृती नसते. एकवीस त्याची कवटी जवळ बाळगतो, तिच्याशी बोलतो, व्यायाम करून अंग कमावतो, आणि पुरता वेगळा माणूस होतो. साहसकथांमध्ये खलनायकाचे चाकर डझनावारी मरतात आणि कुणी मोजतही नाही. इथे एकाच्या मरणाचं सुतक अख्खा सीझन पाळलंय. रोखठोक, मला काळजी दिसली ती इथे.

अबचौक

खलनायकांच्या संघटनेचा विषय निघालाय म्हणून: मला तो भाग सर्वांत आवडतो. 'गिल्ड ऑफ कॅलॅमिटस इंटेंट'. कुणी कुणाशी वैर करायचं याची परवानगी तिथून मिळते. दोन्ही बाजूंचा वकूब तोलून जोडी लावतात, म्हणजे किरकोळ शास्त्रज्ञामागे भारी खलनायक सोडत नाहीत. नियमभंग झाला की कारवाई. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगवरून जे ठराव होतात, थेट तोच सूर. मोनार्कला रस्टीचा खराखुरा द्वेष आहे, आणि त्याची सर्वांत मोठी अडचण ही की कागदोपत्री रस्टी त्याच्या वाट्याला येत नाही! मनातली तळमळ आणि संस्थेचा नियम यांची ही ओढाताण इतक्या बारकाईनं दुसऱ्या कुठल्या कार्टूनमध्ये पाहिलेली नाही.

तिसरी_घंटा

तीन भाग झाले. खलनायकांच्या विक्रीचा भाग काल रात्री पाहिला, संगमपूल यांनी लिहिलंय तसंच झालं. एक विचारायचंय, शेवट नीट आहे का? मध्येच बंद पडलेल्या मालिकांचा मला फार त्रास होतो.

संगमपूल

रास्त प्रश्न. सातवा सीझन २०१८च्या ऑक्टोबरमध्ये संपला तेव्हा कथेचे बरेच धागे लोंबकळत होते. लेखक पुढच्या सीझनवर काम करत असतानाच २०२०च्या सप्टेंबरमध्ये मालिका बंद केल्याचं जाहीर झालं. चाहते पेटून उठले. शेवटी समारोपासाठी एक पूर्ण लांबीचा चित्रपट मंजूर झाला आणि २०२३च्या जुलैत तो आला. एका सीझनचा ऐवज त्यात कोंबलाय, त्यामुळे काही ठिकाणी धाप लागते. पण रस्टी आणि मोनार्क यांचं नातं नेमकं काय, मुलांची आई कोण, हे प्रश्न अधांतरी सोडलेले नाहीत. तेव्हा निर्धास्त बघा, फक्त क्रमानं बघा. मधूनच कुठलाही भाग उचललात तर एकविसाचं दुःख कळणार नाही.

रोखठोक_नारायणपेठ

दुसऱ्या सीझनवर आलोय. विडंबनाबद्दलचं माझं मत तिसरा संपल्यावर लिहीन. तोवर अबचौक, 'झेंडूची फुले'ची माझी प्रत तुमच्याकडे आहे, ती परत करा.